तुमच्या नावाचं व्याख्यान

सर, रविवारी तुमच्या नावाचं व्याख्यान झालं. वक्ता मी होते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर नागपूरला अचानक तुमची आठवण झाली, ती काही तुमच्यामुळे नाही, शेजाऱ्यामुळे झाली. सीमेवर पुन्हा ताण वाढला, टीव्हीवरचे नकाशे लाल-हिरवे व्हायला लागले, आणि आमच्या कॉलनीच्या बागेत रोज सकाळी हात वर करून खोटं खोटं हसणारी म्हातारी मंडळी हसणं सोडून क्षेपणास्त्रांचे पल्ले सांगायला लागली. ज्या गृहस्थांना स्वतःच्या घरातला फ्यूज बदलता येत नाही ते मला रडार कसं चुकवतात ते समजावून सांगतात. मी संरक्षणशास्त्र शिकवण्यात आयुष्य घातलं तेव्हा या विषयाची पत एवढीच होती, की बीएला सोपे मार्क मिळतात. आता प्रत्येक पानठेल्यावर एक सेनापती उभा असतो आणि सुपारी कातरून होईपर्यंत लाहोर घेऊन मोकळा होतो.

बोलवायला तुमचा मुलगा आला होता. तुम्ही त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो फौज सोडून नुकता घरी आलेला, हडकुळा पोरगा होता. आता त्याचं पोट सुटलंय, हातात जाडजूड घड्याळ असतं. आधी त्यानं मिहानच्या बाजूला प्लॉट विकले, मग सिक्युरिटी गार्ड पुरवले, आणि आता ड्रोनची कंपनी काढली आहे. लग्नात वर-वधूवर आकाशातून फुलं टाकायची, हा त्याचा मुख्य धंदा. कार्डावर मात्र "संरक्षण व एरोस्पेस" असं छापलंय. मी त्याला बसायला खुर्ची दिली आणि मनातल्या मनात हसले. तुमचं घराणं शेवटी फुलं टाकण्यावर आलं.

"ताई, बाबांच्या नावानं लेक्चर ठेवून राहिलो," तो म्हणाला. "विषय तुमचाच. आपण आन पाकिस्तान, कोणाचं पारडं जड. जरा जोशात बोलजा, बाप्पा. लोकं खूप येऊन राहिले."

"जोश कशाला? वजन करायचं तर हात स्थिर ठेवावा लागतो."

"पाहा, तुम्ही बाबांसारखंच बोलून राहिले," तो म्हणाला आणि त्याला फार आनंद झाला.

मला झाला नाही. ते वाक्य तुमचंच होतं, आणि ते माझ्या तोंडून निघालं याचा मला रागच आला. पण मी हो म्हटलं. कुणीतरी या गावाला एकदा खरं वजन करून दाखवायला हवं, असा माझा तोरा होता.

एमएच्या पहिल्या वर्षी मी लिहिलेला निबंध तुम्हाला आठवत असेल. विषय हाच. मी एक सुबक तक्ता काढला होता. त्यांचे रणगाडे, आपले रणगाडे, त्यांची विमानं, आपली विमानं, शेवटी वजाबाकी, आणि खाली दोन रेघा मारून निष्कर्ष. तुम्ही तो वर्गासमोर धरला. चांगलं बोलताना तुमची मराठी पुस्तकी असायची, चिडलात की घरची यायची. "हे काय हाये वं, पोरी? काहून आणलं हे माझ्याकडे? लग्नातलं रुखवत मांडलं तू. इतके लाडू, इतके अनारसे. यातले सकाळी चालू होणारे रणगाडे किती? चौकीवर रोज पाणी कोण नेते? बिघडलेलं कोण दुरुस्त करते? ते लिहिलं का तू?" वर्ग हसला. मी रडले नाही, फक्त कान तापले होते. त्याच आठवड्यात तुम्ही आम्हा सगळ्यांना कळमन्याच्या फळबाजारात घेऊन गेलात. अंबिया बहार आला आहे, यार्डात संत्र्यांचे ढीग लागलेत, लिलाव पुकारणारा ओरडतोय, आणि तुम्ही पांढऱ्या शर्टाची बाही दुमडून एका ढिगात कोपरापर्यंत हात घालता. वरची संत्री एकसारखी, तकतकीत. तुमच्या मुठीतून निघतात ती बारकी, एक दबलेलं. "सगळ्यांचीच वरची संत्री चांगली असतात," तुम्ही म्हणता. "परेड म्हणजे वरची संत्री. फौज खाली असते." ज्याचा ढीग तुम्ही विस्कटला तो अडत्या चिडून अंगावर येतो आणि तुम्ही त्याच्याकडून एक पेटी घेऊन त्याला गप्प करता. परतीच्या बसमध्ये आम्ही सगळे ती संत्री खात होतो, आणि तुम्ही मागे येऊन तुमचं नकाशे वाचायचं पितळी कडीचं भिंग माझ्या हातात ठेवलंत. "घे. रुखवत मांडणारीले उपयोगी पडते," एवढंच म्हणालात. माझ्या वडिलांनीही मला त्याआधी इतकं आवडेल असं काही दिलं नव्हतं.

म्हणून मग कारगिलच्या उन्हाळ्यातली ती सभा मला इतकी लागली. मी तेव्हा नुकती कॉलेजात शिकवायला लागले होते. गांधीबागेतल्या कापड व्यापाऱ्यांनी चौकात मांडव घातला होता, दुकानांवर तिरंगी पट्ट्या, उन्हानं डांबर मऊ झालेलं, आणि माणसं छतांवरसुद्धा चढलेली. मी मागे एका गाठोड्यांच्या हातगाडीला टेकून उभी होते. माझ्या सरांना आज शहर ऐकणार, याचा मला अभिमान वाटत होता. तुम्ही उठलात, माईक हातात घेतलात, आणि म्हणालात, पंधरवड्यात डोंगर साफ होईल. शेजाऱ्याकडे आता उरलंय काय, म्हणालात. त्यांची फौज म्हणजे उसनं अवसान, म्हणालात. आणि शेवटी छातीवर हात ठेवून, "माझा मुलगा या क्षणी त्या शिखरावर चढतो आहे." मग जे झालं ते तुम्ही पाहिलंच. फुलं, घोषणा, कुणीतरी तुम्हाला खांद्यावर घेतलं. रुखवत मांडल्याबद्दल मला वर्गात उभं करणारा माणूस लोकांच्या खांद्यावर बसून हात हलवत होता.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी आले. स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर जेवायला बसला होतात, काकू गोळाभाताचे गोळे वाफवत होत्या. खिडकीतल्या कूलरचं पाणी संपलेलं, तो नुसताच घरघरत होता. काकू म्हणाल्या, "बस वं. जेवून जा." मी उभीच राहिले. मी म्हटलं, सर, उंचावर दबा धरून बसलेल्या माणसाला खालून चढून हुसकायला किती पट माणसं लागतात हे तुम्हीच शिकवलंत, मग पंधरवडा कुठून आणलात? तुम्ही भात कालवत म्हणालात, "लोकांले वजन नको असते. धीर पाहिजे असते." मी म्हटलं, तुमचा स्वतःचा मुलगा शिखरावर चढत असताना तुम्ही असं कसं बोलू शकता? त्यावर काकूंनी गॅस बंद केला आणि त्या पदरानं हात पुसत मागच्या अंगणात निघून गेल्या. मला वाटलं, पोराच्या काळजीनं. तुम्ही ताटाकडे पाहत म्हणालात, "झालं तुझं? आता जा." मी गेले. त्यानंतर तुमच्या घरी आले ती तुम्हाला घाटावर न्यायला माणसं जमली तेव्हाच, आणि तेव्हाही फाटकापाशी उभी राहून परतले. तुमच्याबद्दल मी पुढे विद्यार्थ्यांना सांगायचे ते एवढंच, की सर चांगले शिकवायचे, शेवटी विकले गेले.

आता रविवारचं सांगते. सभागृह भरलं होतं. तुमच्या फोटोला हार होता, आणि तो हार कमी वाटला म्हणून तुमच्या चिरंजिवांनी मंचाच्या वर एक ड्रोन उडवला. त्यानं घों घों करत तुमच्या फोटोवर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या, त्यातल्या अर्ध्या मात्र अध्यक्षांच्या टकलावर पडल्या. लोकांनी मोबाइल वर केले. मी माईक घेतला आणि सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "यातली मोटर कुठली?"

"चायनाची," तो पहिल्या रांगेतून म्हणाला. "स्वस्त पडते, ताई."

तिथूनच मी सुरुवात केली. म्हटलं, माझ्या सरांच्या काळी तराजू सोपा होता. एका पारड्यात आपण, दुसऱ्यात ते. आपलं आकारमान मोठं, त्यांची हत्यारं मोजकी पण परदेशातून आणलेली, चांगली. लांबलेल्या लढाईत आपण जड, पहिल्या काही दिवसांत ते बरोबरीचे. मग दोघांकडे अणुबॉम्ब आला, आणि मोठ्याला त्याचा मोठेपणा पूर्ण वापरता येईना. हत्ती आहे, पण खोलीत शिरता येत नाही. आणि आता तर तराजूवर तिसरा हात आहे. त्यांची नवी विमानं, विमानावरची क्षेपणास्त्रं, वरून पाहणारा डोळा, हे सगळं उत्तरेकडच्या शेजाऱ्याचं आहे. तेव्हा पश्चिमेकडे पाहून केलेली वजाबाकी ही वजाबाकीच नव्हे. आपण श्रीमंत झालो, आपली क्षेपणास्त्रं लांब आणि नेमकी जातात, बरंच काही आपण घरी बनवायला लागलो, अगदी या शहरातसुद्धा. पण आपली जुनी लढाऊ विमानं निवृत्त होतात त्या वेगानं नवी येत नाहीत, आणि जी येतात त्यांचं इंजिन कुणाकडून तरी मागावं लागतं. समोरून खेळण्याएवढा स्वस्त ड्रोन येतो आणि तो पाडायला आपण महागडं क्षेपणास्त्र सोडतो. उद्याच्या लढाईत गोदामात काय आहे त्याला महत्त्व नाही, संपलेलं पुन्हा कोण लवकर बनवतो त्याला आहे. दूरवर पाहिलं तर पारडं आपल्याकडे झुकतंय. पण जवळचं पाहिलं तर अंतर कमी झालंय, आणि जो तुम्हाला आठवड्यात निकाल लावतो म्हणतो त्याला तुमच्या पोराची फिकीर नाही.

इतकं स्वच्छ मी कधीच बोलले नव्हते. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल, मला देशद्रोही म्हणेल. मी तयार होते. पण सर, तुमचं हे शहर त्या लायकीचंही नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या! "आपण श्रीमंत झालो" याला वाजवल्या, "क्षेपणास्त्रं नेमकी जातात" याला वाजवल्या, आणि अंतर कमी झालंय हे सांगत होते तेव्हा चहाचे कप फिरत होते. तिसऱ्या रांगेतले एक निवृत्त साहेब "हत्ती"च्या ठिकाणी मान डोलावत होते, त्यांना हत्ती आवडला असावा. मी खरं बोलत होते आणि ते पाण्यात टाकलेल्या मिठासारखं नाहीसं होत होतं. माझा आवाज खाली यायला लागला. आणि तेव्हा, भाषण सावरावं म्हणून, मी पहिल्या रांगेकडे हात केला आणि म्हणाले, "सरांनी नुसतं शिकवलं नाही. कारगिलच्या शिखरावर त्यांनी आपला मुलगा पाठवला. तो मुलगा आज तुमच्यासमोर बसला आहे."

लोक उभे राहिले. सगळं सभागृह. पाकळ्या पडलेल्या टकलाचे अध्यक्षसुद्धा उभे राहिले. तुमचा मुलगा मात्र बसून होता, मान खाली घालून बुटांकडे पाहत. मला वाटलं, चला, याच्यात एवढी तरी लाज शिल्लक आहे.

सोमवारी सकाळी पेपरात आलं, भारताचं पारडं जड. खाली माझा फोटो, हात उंच केलेला. पेपर वाचत असतानाच तुमचा मुलगा आला. मी म्हटलं, पेपर दाखवायला आला असेल. तो व्हरांड्यातच बसला, चपलेनं फरशी घासत.

"ताई, एक बोलू? ते शिखराचं नका बोलत जाऊ."

"का? विनय कधीपासून आला तुझ्यात?"

"विनय नाही. मी शिखरावर गेलोच नव्हतो."

मी पेपर खाली ठेवला.

"मी सप्लायमध्ये होतो. खेचरांची तुकडी होती माझ्याकडे. पाणी, रॉकेल, गोळे, पिठाच्या गोण्या. खालच्या तळापासून अर्ध्या डोंगरापर्यंत आम्ही नेत होतो, तिथून पुढं पोरं पाठीवर घेऊन जात. ते वरचे लढले, ताई. मी नाही."

"सरांना माहीत नव्हतं?"

"असं कसं होईन? पोस्टिंग मिळाली तेव्हाच त्यांनी तोंड पाडलं होतं. म्हणे, दुनियेले लढाई शिकवली आन पोरगा कोठीवर." तो हसला, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "सुट्टीवर आलो तेव्हा स्टेशनवर हार घेऊन लोकं. मले काही समजेना. बाबा जवळ आले, कानात म्हणाले, कोणी काही विचारलं तर नुसता हसजो. मी हसलो. तेव्हापासून हसूनच राहिलो."

मग मी तुम्ही कधी न विचारलेला प्रश्न त्याला विचारला. वर काय होतं? त्यानं चपलेनं फरशी घासणं थांबवलं. मग म्हणाला, खेचरं अंधारात न्यावी लागत, कारण उजेडात वरून गोळे पडत. त्यांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवलेल्या. एकदा एक खेचर घसरून दरीत गेलं, आणि त्याचा दोर हाताला गुंडाळलेला माणूस त्याच्यासोबत गेला. त्याचं नाव त्यानं मला सांगितलं, गाव सांगितलं. पाण्याचे डबे मात्र वाचले, ते दुसऱ्या खेचरावर लादून वर पाठवावे लागले, कारण वरच्यांनी कालपासून बर्फ चघळला होता. "त्या माणसासाठी थांबता आलं नाही," तो म्हणाला. "बाबांनी कधी विचारलं असतं तर सांगितलं असतं. आईनं विचारलं होतं, अंघोळीले गरम पाणी मिळे का रे."

सर, मी तुम्हाला फार वर्षं तुच्छ मानलं, पण चुकीच्या कारणासाठी. तुम्ही गर्दीला खोटा पंधरवडा दिलात, तो एक वेळ मी पोटात घातला असता. घाबरलेल्या बापाचं बोलणं म्हणून सोडून दिला असता. पण जन्मभर तुम्ही आम्हाला चौकीवर पाणी कोण नेतो ते विचारायला शिकवलंत, आणि पाणी नेणारा तुमच्याच घरी, तुमच्याच पंगतीत जेवत होता, तेव्हा तुम्हाला त्याची लाज वाटली. दोन देशांच्या फौजा तुम्हाला तळापर्यंत कळत होत्या. स्वतःच्या पोराच्या बाबतीत तुम्हाला वरचीच संत्री हवी होती. आणि काकू अंगणात का गेल्या तेही आता कळलं. त्यांना ते शिखराचं खोटं ऐकवत नव्हतं. माझ्या तोंडूनसुद्धा.

जाताना तो म्हणाला, "ते भाषण स्मरणिकेत छापून राहिलो ना आपण. तेवढं वाक्य काढून टाकजा, ताई. बाकी सगळं राहू द्या." मी म्हटलं, काढते. तो फाटकापर्यंत गेला, तिथून परत वळून म्हणाला, "बाबांचं नाव खराब होईन असं काही नका लिहू पण." मी त्यालाही हो म्हटलं.

हे तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि असती तरी पाठवलं नसतं. तुम्ही लाल शाईनं समासात "पाल्हाळ" असं लिहून परत केलं असतं. भाषणाचा मजकूर उद्या छापखान्यात जायचा आहे. दुपारपासून मी तो समोर घेऊन बसले आहे. त्यात बाकी जे काही आहे ते सगळं खरं आहे, आणि कुणी वाचणार नाही. ते एक वाक्य खोटं आहे. ते काढलं की शेवट पडतो, अगदी सपाट होतो, उठून उभं राहावं असं त्यात काहीच उरत नाही. मी ते दोनदा काढलं आणि दोनदा परत घातलं. आत्ता ते आत आहे.